पातळ लॅपटॉप : व्यापाऱ्याच्या किती कामाचा?

गेल्या वर्षभरात आमच्या दुकानावर येणाऱ्या व्यापारी मित्रांनी आम्हाला एकच प्रश्न अनेकदा विचारला आहे. "शेठ, तुम्ही तो पातळ लॅपटॉप घेतलात, तो कसा निघाला? घ्यावा का आम्हीही?" प्रत्येकाला काउंटरवर उभ्याउभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे, असे ठरवून हा लेख लिहीत आहोत. आम्ही संगणकाचे जाणकार नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि उभी हयात कापडाच्या धंद्यात गेली. परंतु माल पारखण्याची सवय आहे, आणि हे यंत्र आम्ही एक पूर्ण वर्ष, महाडचा एक पूर्ण पावसाळा धरून, वापरले आहे. त्या अनुभवावर जे सांगता येईल तेवढेच सांगतो.

प्रथम आमच्या कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण यंत्र चांगले की वाईट हे कामावरून ठरते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना आम्ही गणवेशाचे कापड आणि शिवून तयार केलेले बॉयलर सूट पुरवतो. येथील बहुतेक कारखाने रसायनांचे व औषधांचे आहेत. तेथे सुती ड्रिलच मागतात, कारण कृत्रिम धाग्याचे कापड आगीत वितळून अंगाला चिकटते. कापड भिवंडी, इचलकरंजीहून येते. शिलाई महाड-पोलादपूरचे कारागीर करतात. म्हणजे आमचा हिशेब तीन ठिकाणी पसरलेला : माल देणारे, शिवणारे आणि घेणारे. आठवड्यातले तीन दिवस आम्ही दुकानात बसतो आणि तीन दिवस नमुन्यांची पिशवी घेऊन बिरवाडीच्या बाजूला कारखान्यांच्या फाटकांवर असतो.

हिशेब पाण्यात गेला तेव्हा

लॅपटॉप घेण्याचे कारण हौस नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. तेथील घरांनी जे गमावले त्यापुढे दुकानदारांचे नुकसान बोलून दाखवण्यासारखे नाही. तरीही या पानाचा विषय व्यापार आहे म्हणून लिहितो.

आमचा संगणक टेबलाखाली ठेवलेला होता. पडदा वेगळा, डबा वेगळा, मागे वायरींचे जाळे. पाणी चढू लागले तेव्हा आम्ही आणि मुलाने कापडाची थाने माळ्यावर टाकली, हातात येईल ते उचलले. संगणक सोडवत बसायला वेळ नव्हता. तो डबा दोन दिवस चिखलात राहिला. उधारीच्या दोन वह्याही गेल्या.

खरेदीची बिले पुन्हा मिळाली, कारण माल देणाऱ्यांनी जीएसटीची विवरणपत्रे भरलेली होती आणि ती पोर्टलवर दिसत होती. विम्याच्या कागदांसाठीही त्यांचाच उपयोग झाला. परंतु शिंप्यांना दिलेली उचल, किरकोळ ग्राहकांची उधारी, तयार नगांची मजुरी हे कोणत्याच पोर्टलवर नव्हते. काही भले लोक स्वतःहून आले आणि म्हणाले, "चाचा, तुमचे इतके देणे लागतो." कित्येकांची आठवण आम्हाला राहिली नाही. येणे बुडाले त्याचे आम्हाला फारसे दुःख नाही. दुःख याचे की आम्हीही काहींचे देणे लागत होतो. एका काज-बटण करणाऱ्या कारागिराची तीन आठवड्यांची मजुरी नक्की किती, हे त्याच्याकडे लिहिलेले नव्हते आणि आमच्याकडचे वाहून गेले होते. अंदाजाने थोडे जास्तच दिले, पण मनातली खंत गेली नाही. देणे-घेणे लिहून ठेवण्याची ताकीद आपणां सर्वांना आहेच. लिहिलेले टिकवण्याची जबाबदारीही त्यातच येते, हे त्या दिवशी समजले.

तेव्हापासून आमची कसोटी एकच झाली. हिशेब ज्यात आहे ते यंत्र एका हाताने उचलून माळ्यावर नेता आले पाहिजे, आणि वीज नसली तरी चालले पाहिजे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही.

पातळपणाची किंमत

१९८१ साली अमेरिकेत ऑसबॉर्न नावाचा जो पहिला हातात उचलून नेण्याजोगा संगणक बाजारात गाजला, त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि आत बॅटरीच नव्हती. जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी मंचावर कागदाच्या लिफाफ्यातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. तेव्हापासून पातळपणाची स्पर्धा लागली. परंतु त्या लॅपटॉपला यूएसबीचे एकच छिद्र होते, इंटरनेटची वायर लावायला जागा नव्हती आणि बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येत नव्हती. पातळपणा फुकट मिळत नाही. कुठेतरी काहीतरी काढून टाकूनच तो साधला जातो. आपण कापडवाले हे लवकर समजू शकतो. मलमल उत्तम कापड आहे, पण तिचा बॉयलर सूट होत नाही.

आम्ही घेतलेला लॅपटॉप चौदा इंची पडद्याचा, सव्वा किलो वजनाचा आणि सुमारे १७ मिलिमीटर जाडीचा आहे. किंमत करासह ७५ हजार रुपये पडली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. नमुने दरवर्षी बदलतात. पारख कशी करावी हे कळले की नाव कोणतेही चालेल.

बांधणी

वजनाचा फायदा पहिल्याच आठवड्यात कळला. नमुन्यांच्या पिशवीत ड्रिलचे तुकडे, रंगांचे पुस्तक, मापाची टेप आणि दोन शिवलेले सूट असतात. त्यात सव्वा दोन किलोचा जुना लॅपटॉप टाकला की एसटीत चढताना खांदा भरून येत असे. एका किलोचा फरक कागदावर लहान दिसतो, पन्नाशी उलटलेल्या खांद्याला तो लहान नसतो.

झाकण धातूचे आहे, बिजागरी वर्षभरानंतरही ढिली झालेली नाही. विकत घेताना एक गोष्ट जरूर करावी : झाकणाच्या एका कोपऱ्याला धरून ते उघडून पाहावे. पडदा पिळवटल्यासारखा वाकत असेल तर तो नग सोडून द्यावा. पडदा चकचकीत घेऊ नये. दुकानाच्या दाराशी किंवा कारखान्याच्या फाटकावर उजेड समोरून येतो, आणि चकचकीत पडद्यात आकड्यांऐवजी आपलाच चेहरा दिसतो. आमचा पडदा मॅट, म्हणजे चमक नसलेला आहे आणि तो उत्तम ठरला.

आता दोष सांगतो. पहिला दोष पंख्याच्या जाळीचा. कापडाच्या दुकानात सुताचे बारीक तंतू सतत उडत असतात. पातळ यंत्रात हवेची वाट अरुंद असते. चार महिन्यांत पंखा घरघरू लागला आणि तळ तापू लागला. उघडून पाहिले तर जाळीवर तंतूंचा नमदाच तयार झाला होता. आता दर शुक्रवारी दुकान बंद असताना यंत्र बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करतो. ज्यांच्याकडे कापूस, लाकडाचा भुसा किंवा चामड्याची धूळ आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पांघरूण, गादी किंवा कापडाच्या थानावर ठेवून लॅपटॉप चालवू नये, हवा अडते.

दुसरा दोष, वाढवण्याची सोय नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीलाच जोडून टाकलेली असते. "आठ जीबी घ्या, पुढे वाढवू," असे विक्रेत्याने आम्हाला सांगितले होते. भाच्याने वेळीच हटकले. "मामू, यात पुढे काही वाढत नाही. घ्यायचे ते आजच घ्या." त्याचे ऐकून सोळा जीबी घेतली, ते बरे झाले.

रोजचा वापर

हिशेबनिसाच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण ही की चौदा इंची पातळ लॅपटॉपला बहुधा उजव्या बाजूचे आकड्यांचे बटणघर नसते. ज्याची बोटे वर्षानुवर्षे कॅल्क्युलेटरवर फिरली आहेत, त्याला वरच्या एका ओळीतून आकडे शोधत बिले भरणे म्हणजे शिक्षाच. आमच्या मुनीमजींनी आठ दिवसांत हात टेकले. उपाय स्वस्त आहे. आकड्यांचा वेगळा छोटा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो. तो दुकानात ठेवला आणि तक्रार संपली. ज्यांचे सगळे काम दुकानातच बसून आहे, त्यांनी पंधरा इंची, आकड्यांच्या बटणांचा, थोडा जाड लॅपटॉप घेतला तरी काहीच बिघडत नाही.

दुसरी अडचण छिद्रांची. आमच्या यंत्राला टाइप-सीची दोन आणि जुन्या पद्धतीच्या यूएसबीचे एक छिद्र आहे. डिजिटल सहीचे टोकन, बारकोडचे यंत्र, बिल छापण्याचा प्रिंटर, पेन ड्राइव्ह ही आपली सगळी सामग्री जुन्या यूएसबीची. काही फारच पातळ नमुन्यांना जुने छिद्र एकही नसते. अशा वेळी जोडपट्टी विकत घ्यावी लागते, आणि ऐन विवरणपत्र भरायच्या दिवशी ती घरी राहते. म्हणून खरेदीला जाताना आपले टोकन आणि पेन ड्राइव्ह खिशात न्यावे आणि दुकानातच लावून पाहावे.

भाषेची सोय चांगली आहे. बटणांवर अक्षरे इंग्रजी असली तरी विंडोजमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते. कारागिरांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या आम्ही मराठीत काढतो आणि मालेगावच्या एका जुन्या व्यापाऱ्याला पत्र उर्दूत लिहितो. उजवीकडून डावीकडे लिहिण्यास काहीही अडत नाही. सवय व्हायला महिना लागला.

वसाहतीत जाणाऱ्यांसाठी एक इशारा. ज्या विभागात ज्वालाग्राही रसायने हाताळतात तेथे मोबाइल, लॅपटॉप नेण्यास मनाई असते. साध्या विजेच्या उपकरणातली बारीकशी ठिणगीही तेथे चालत नाही. आमचा लॅपटॉप फाटकावरच्या सुरक्षा कक्षात जमा होतो किंवा खरेदी कार्यालयापुरताच आत जातो. कुणी याबद्दल कुरकुर करू नये. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीत एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार प्राणास मुकले. ज्यांच्या अंगावरचे सूट आम्ही पुरवतो त्यांच्या जिवापुढे आमची सोय-गैरसोय मोठी नाही. कोटेशन आणि मापांची यादी कागदावर छापून जवळ ठेवावी, म्हणजे यंत्र फाटकावर राहिले तरी काम थांबत नाही.

बॅटरी : कंपनीचे तास आणि आपले तास

खोक्यावर "१५ तास" असे लिहिलेले होते. ही आकडेवारी खोटी असते असे नाही, पण ती ज्या परिस्थितीत मोजतात ती आपली परिस्थिती नसते. पडद्याचा उजेड कमी ठेवून, यंत्रावर साठवलेला चित्रपट लावून बरेचदा हे तास मोजले जातात. आपण काही चित्रपट पाहत बसत नाही.

हिशेब सोपा आहे. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-तासात लिहिलेले असते. आमच्या बॅटरीत ५६ वॉट-तास मावतात. यंत्र ताशी जितके वॉट खाते त्याने भागले की तास मिळतात. आम्ही वहीत नोंद ठेवली, ती अशी. इंटरनेट बंद ठेवून, उजेड निम्मा करून फक्त हिशेबाचे काम केले तेव्हा साधारण नऊ तास मिळाले. मोबाइलवरून इंटरनेट घेऊन जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, ईमेल आणि पूर्ण उजेड, असे वसाहतीतले खरेखुरे काम केले तेव्हा साडेपाच तास. व्हिडिओवर भिवंडीच्या व्यापाऱ्याशी बोलत कापड पाहिले तर चारच तास. म्हणजे खोक्यावरच्या तासांचा तिसरा हिस्सा आपला समजावा आणि त्यावर जे मिळेल ती बरकत मानावी.

साडेपाच तास कमी वाटतील, पण येथे पातळ यंत्राचा एक मोठा गुण कामी येतो. ते कमी वीज खाते, म्हणून ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर चालते, आणि तेवढ्या ताकदीच्या पॉवर बँकेवरही भरता येते. २० हजार एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-तास वीज असते. वाटेत थोडी वाया जाते, तरी लॅपटॉप जवळजवळ एकदा पूर्ण भरतो. मात्र पॉवर बँक लॅपटॉप भरू शकणारी आहे ना, हे विचारून घ्यावे. मोबाइलची साधी पॉवर बँक येथे बहुधा निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात वीज गेली की जुना संगणक यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटे तग धरी. आता आमचे पूर्ण दिवसाचे काम विजेशिवाय निभावते.

बॅटरी टिकवायची असेल तर दोन पथ्ये. लिथियमची बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. ज्या दिवसांत दुकानातच काम असते, त्या दिवसांत ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय अनेक लॅपटॉपमध्ये दिलेली असते, ती चालू करावी. आणि उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये. वर्षअखेर आमच्या बॅटरीत ५६ ऐवजी ५२ वॉट-तास मावतात असा अहवाल आला. आम्ही तो समाधानकारक मानतो.

हा अहवाल विंडोजमध्ये काढता येतो आणि जुना लॅपटॉप घेणाऱ्यांना तो फार उपयोगी आहे. विक्रेत्याला "बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा" असे सांगावे. मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही त्यात लिहून येतात. तोंडी भरवशापेक्षा तो कागद बरा. शिवाय जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालते की नाही हे पाहावे, कारण विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

पैशाची बाजू

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी घेताना बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्यावा, म्हणजे तो कर वळता करून घेता येतो. ७५ हजारांत ही रक्कम ११ हजार ४४० रुपयांच्या आसपास होते. कंपोझिशन योजनेतल्या बांधवांना ही सवलत नाही.

"बिनव्याजी हप्ते" या पाटीलाही भुलू नये. बऱ्याच ठिकाणी बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढीच सूट देऊन ते झाकतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क आपल्याच खिशातून जाते. व्याजापासून परहेज करणाऱ्यांनी कागद वाचल्याशिवाय सही करू नये. आम्ही सहा महिने रक्कम बाजूला काढली आणि रोखीने घेतला.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

ज्याला माल दाखवत गावोगाव, कारखान्यातून कारखान्यात फिरावे लागते, ज्याची बिले जागेवर बनतात, त्याने पातळ लॅपटॉप जरूर घ्यावा. ज्याचे काम एका जागी आहे त्याने जाड घ्यावा, पैसे वाचतील. आणि दोन मशीनवर शिलाई करणाऱ्या कारागिराने केवळ शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नये. त्याला एक वही आणि त्या वहीच्या पानाचा रोज मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा आहे. ७५ हजारांत त्याला चांगले ओव्हरलॉक मशीन मिळेल, आणि ते कमावून देईल.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. लॅपटॉपही पडतो, चोरीला जातो, त्यावर चहा सांडतो. सगळा हिशेब एकट्या त्याच्याच पोटात ठेवणे म्हणजे जुन्या वहीचीच चूक पुन्हा करणे. आम्ही रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत इंटरनेटवर चढवतो. दर शुक्रवारी दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढून पोलादपूरला बहिणीच्या घरी, उंचावरच्या कपाटात ठेवतो. सोबत कपड्यांच्या खोक्यात येणारी, ओल शोषणारी दोन पुडकी टाकतो.

मागच्या जुलैत एका रात्री नदी वाढल्याची खबर आली. मुलाने विचारले, "अब्बा, आधी काय उचलू?" आम्ही लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि दोघे मिळून थाने वर चढवू लागलो. पाणी त्या रात्री बाजारात आले नाही. परंतु सकाळी काज-बटणवाला कारागीर मजुरी घ्यायला आला, तेव्हा त्याचा आकडा पैशापर्यंत बरोबर निघाला.